ताईंचा हात

पाळणा गच्चीवर बांधायचा की खालच्या खोलीत, यावरून मंगळवार पेठेतल्या मान्यांच्या घरात सकाळपासून दोन तट पडले होते. बाळंतिणीच्या वडलांचं, बाळासोंचं म्हणणं, लेकीच्या सासरचे पाहुणे बिद्रीकडनं गाडी भरून येणार, खाली जीव घुसमटेल, गच्चीच बरी. त्यांची बायको शालन म्हणत होती, ओली बाळंतीण आणि एवढंसं पोर, वरचं वारं लागलं तर निस्तरणार कोण. शेवटी गच्चीला तीन बाजूंनी पडदे बांधले आणि दोघांचंही ऐकल्यासारखं झालं. पण बाळंतिणीला वर जायला जिना चढावा लागणार होता आणि तिचे टाके अजून ओढत होते, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

प्रियदर्शनी भिंतीला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. वर आल्यावर खुर्चीच्या कडेला बसली, कारण नीट टेकून बसणं अजून जमत नव्हतं. मुलगी मांडीवर झोपली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा गुंडाळणाऱ्या शेजारणी तिला सांगत होत्या की तुझं नशीब थोर, नॉर्मल झालं, आणि ते पण घरच्या डॉक्टरच्या हातनं. प्रियदर्शनी मान हलवत होती. काल दिवसभर तिनं मनोमन एकच गोष्ट मागितली होती. आज दवाखान्यात एखादी अडलेली बाई यावी आणि संयोगिताताईंना बारशाला येताच येऊ नये. मग त्या अडलेल्या बाईचं काय होईल हे तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिनं ते मागणं सोडून दिलं.

संयोगिताताई म्हणजे राजवीरची थोरली बहीण, प्रियदर्शनीची नणंद, आणि पाटलांच्या साऱ्या भावकीतली पहिली डॉक्टर. त्यांचं राजारामपुरीतलं प्रसूतिगृह हा त्यांच्या वडलांच्या, विजयसिंहआबा पाटलांच्या, बोलण्यातला हमखास विषय. लग्न ठरवतानासुद्धा आबांनी मुलाची नोकरी शेवटी आणि मुलीचा दवाखाना आधी सांगितला होता. त्यामुळं प्रियदर्शनीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी बाळंतपण कुठं करायचं हेही ठरून गेलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे खरं, पण माहेरानं डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी बघायची. सोडवायची मात्र नणंदेनं.

आणि प्रियदर्शनीची त्याला ना नव्हती. ताई तिला आवडायच्या. लग्नानंतर ताईंनीच तिला गाडी शिकवली होती, रंकाळ्याच्या कडेकडेनं, रविवारी सकाळी. तिनं दोनदा गाडी फुटपाथावर चढवली तरी ताईंचा आवाज चढला नव्हता. त्याच ताई आत असणार म्हटल्यावर भ्यायचं कशाला, असं म्हणतच ती त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढली होती.

दारात मम्मीला आणि राजवीरला थांबवलं. आत गर्दी नको, असं सिस्टर म्हणाली. आत गेल्यावर प्रियदर्शनीला दिसलं की गर्दी होतीच. दोन सिस्टर, एक आया, एक शिकाऊ डॉक्टर, आणि मधूनच खोकी न्यायला येणारा एक माणूस. तो दार उघडायचा तेव्हा ती होती तशी बाहेरच्या पॅसेजला दिसायची. जो येईल तो हातमोजा चढवून तपासायचा. काय करतोय ते सांगायचा नाही. किती उघडलंय तो आकडा मोठ्यानं म्हणायचा, पण एकमेकांना. तिचं अंग जणू त्या सगळ्यांनी मिळून दुरुस्तीला घेतलं होतं.

पलीकडच्या टेबलावर इरम नावाची मुलगी होती. तिचीही पहिलीच खेप. मधला हिरवा पडदा अर्धाच ओढलेला होता, त्यातून सुरुवातीला दोघी एकमेकींकडं बघून हसल्याही. मग कळा वाढवायची सलाईन लावली आणि हसणं संपलं.

कळ म्हणजे पोटात दुखणं, अशी तिची समजूत होती. ही कळ पाठीच्या कण्यातून उठायची, कमरेला विळखा घालायची आणि मांड्यांतून उतरून जाताना तिचं म्हणून काही तिच्याजवळ ठेवायची नाही. दोन कळांच्या मध्ये ती स्वतःला गोळा करायची तोवर पुढची यायची. ती ओरडली. आपल्या गळ्यातून असा आवाज निघतो हे तिला ठाऊक नव्हतं. पाणी मागितलं तर सिस्टर म्हणाली, आता नाही. कुशीवर वळू का विचारलं तर म्हणाली, गप पडून राहा. आणि ती पुन्हा ओरडली तेव्हा आया म्हणाली, "नवऱ्यापाशी निजताना न्हाय वरडलीस ती."

सगळे हसले. तो नवरा ताईंचा सख्खा भाऊ होता, आणि ताईसुद्धा हसल्या.

पुढची कळ आली तेव्हा पाय आपोआप आखडले. ताई म्हणाल्या, पाय लांब ठेव. तिला ऐकू आलं, पण पाय तिचं ऐकत नव्हते. मग ताईंनी तिच्या मांडीवर आतल्या बाजूला एक सणसणीत चापट मारली. "तोंड मिट आणि जोर लाव," म्हणाल्या, आणि दुसरी मारली. चटका कळेच्या मानानं काहीच नव्हता. पण ती एकदम गप्प झाली. कुणीतरी आपल्याला मारलं, हे लहानपणानंतर तिच्या बाबतीत घडलेलंच नव्हतं, आणि ती उताणी, उघडी, हाताला सुई टोचलेली अशी पडली असताना घडलं होतं. मान वळवली तर पडद्याच्या फटीतून इरम बघत होती. इरमनं आपल्या ओढणीचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. त्यानंतर त्या टेबलावरून आवाज यायचा बंद झाला. ताई म्हणाल्या, "बघ, ती कशी शहाण्यासारखी करतीय."

मग कोपरानं पोट दाबणारी सिस्टर, मग न सांगता दिलेला काप, आणि मग एकदम सारं मोकळं, ऊन, निसरडं, आणि एक बारीक चिडका आवाज. मुलगी. लांबट झालेलं डोकं, मिटलेल्या मुठी, कपाळावर ओले काळे केस. तिला छातीवर ठेवलं तेव्हा प्रियदर्शनी रडली आणि हसली आणि तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली. तेवढ्यात टाके सुरू झाले. सुई कळत होती. तिनं तसं सांगितलं. ताई म्हणाल्या, "सुन्न केलंय. दुखत नाही तुला." पुन्हा सुई गेली. दुखत नाही असं डॉक्टरांनीच सांगितल्यावर ओरडायलाही जागा राहिली नव्हती. तिनं ओठ चावून धरला.

बाहेर पेढे वाटले गेले. आबांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवून सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं सांगितलं की आमच्या डॉक्टरनं सून सोडवली. सगळ्यांनी ताईंचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं हे मम्मीला सांगितलं. शालनचा चेहरा उतरला, पण तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हटलं की सगळ्याच बायकांचं असं होतं, पोर हातात आलं की विसरायला होतं, आता पाटलांच्या घरात वाईटपणा नको. राजवीरला सांगितलं तर तो मुलीच्या बोटाशी खेळत राहिला. म्हणाला, ताई कामात असली की तशीच असते, मनात काही नसतं तिच्या. प्रियदर्शनीनं पुन्हा विषय काढला नाही. तिनं विसरायची वाट बघितली. दूध पाजताना बघितली, शेक घेताना बघितली. पण लघवीला बसलं की टाके चुरचुरायचे आणि त्याबरोबर ते हसणं ऐकू यायचं.

पाहुणे आले ते जेवणवेळेच्या आधी. विजयसिंहआबा पांढऱ्या फेट्यात, सासूबाई आक्काताई नव्या इरकलीत, आणि दोघांच्या मध्ये हाताला धरून आणलेली आबांची आई, चिमणाबाई. थोरल्या आई, असं त्यांना सगळं घर म्हणायचं. गच्चीवर आल्यावर त्या आधी खुर्चीत टेकल्या, मग नातसुनेकडं बघून म्हणाल्या, हिला कशाला वर चढवली. शालन वरमली.

ताई थोड्या उशिरा आल्या. मोरपंखी साडी, केसांत गजरा, आल्या आल्या चार जणींच्या चौकशा. बाळासो स्वतः उठून सामोरे गेले. शेजारणींपैकी दोघींना ताईंनीच सोडवलं होतं, त्या त्यांच्या पाया पडल्या. ताईंनी प्रियदर्शनीच्या गालाला हात लावला. "टाके काय म्हणतायत? उद्या ये दाखवायला," म्हणाल्या, आणि मुलीला उचलून चुंबन घेतलं. ते सगळं खरं होतं, मायेचं होतं. त्यामुळंच प्रियदर्शनी त्या हातांकडं बघत राहिली. हीच बाई. हेच हात.

मुलीला पाळण्याच्या खालून वर, वरून खाली फिरवून झालं. बायका गोल करून उभ्या राहिल्या. नाव आत्यानं घ्यायचं. आत्या बाळाच्या कानाशी वाकली की मागं उभ्या असलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही बारशातली सगळ्यात गमतीची घटका. ताई पदर सावरून वाकल्या तशा दोघी-तिघींनी हात उचलले. ताई हसत मागं वळल्या.

"हळू मारा गं. मी पण हिला दोन ठेवून दिल्या, तवा कुठं ही बया बाहेर आली. न्हायतर आमच्या प्रियानं ओरडून सगळी राजारामपुरी गोळा केलीती."

गच्चीवर हशा पिकला. आक्काताई तोंडाला पदर लावून हसल्या. कठड्यापाशी मोबाइलमध्ये चित्रीकरण करणारा राजवीर हसला. मम्मी हसली. अशा वेळी बाळंतिणीनं खाली मान घालून लाजायचं असतं, हे प्रियदर्शनीलाही माहीत होतं. ती उठली. उठताना टाक्यांना ताण बसला. तिनं पाळण्याच्या दांडीवर, ताईंच्या आणि मुलीच्या मध्ये, हात आडवा ठेवला.

"थांबा, ताई. नाव तुम्ही घ्यायचं नाही."

कुणाला वाटलं ही पण गंमतच आहे. एकजण आणखी हसली आणि मग थांबली. ताईंनी विचारलं, काय झालं.

"तुम्ही मला मारलंय. आत्ता तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत."

ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथंच आखडून राहिलं. त्या समजावणीच्या सुरात सांगू लागल्या की मारलं कुठं, थोपटलं. बाई घाबरली की तिला भानावर आणावं लागतं. बाळाचे ठोके कमी झाले तर कोण जबाबदार. जे केलं ते तुझ्या आणि हिच्या भल्यासाठी. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलताना त्यांचा आवाज असाच व्हायचा, ठाम आणि थोडा घाईत.

"ठोके चांगले होते," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्हीच सिस्टरला सांगितलंत, मी ऐकलंय. मी ओरडत होते म्हणून तुम्ही मारलं. आणि ती आया माझ्याबद्दल घाण बोलली तर तुम्ही हसलात."

आया काय बोलली ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. दोघी शेजारणींनी मान खाली घातली. ताईंच्या पाया पडलेल्यांपैकी एक होती, ती हळूच मागच्या रांगेत सरकली.

मग आक्काताईंचा तोल गेला. त्यांनी आपल्या लेकीनं जेवण सोडून, उभं राहून हिला कशी सोडवली इथपासून सुरुवात केली आणि आजकालच्या पोरींना कळा सोसवत नाहीत, आम्ही रानात भांगलण करता करता बाळंत झालो, इथपर्यंत आल्या. भर बारशात आत्याला पाळण्यापासून हटवणारी सून त्यांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. आबा उठून उभे राहिले. त्यांना सुनेशी बोलायचंच नव्हतं, ते बाळासोंकडं बघत होते.

"पावणं, तुमच्या पोरीला आवरा."

बाळासो दोन्ही हात पुढं करून काहीतरी मवाळ बोलू लागले. बाळंतिणीचं डोकं जाग्यावर नसतं, मनावर घेऊ नका, असलं काहीतरी. प्रियदर्शनीला ते शब्द अर्धेच ऐकू आले. ती राजवीरकडं बघत होती.

"तुम्ही दाराबाहेर होता," ती म्हणाली. "मारल्याचा आवाज आला होता का नाही, एवढंच सांगा."

राजवीरनं मोबाइल खाली केला. तो शाळेत असताना ताईंच्या खोलीवर राहून शिकला होता. ताईंनी त्याला डबा करून घातला होता, गणितं शिकवली होती, आबांच्या रागापासून वाचवलं होतं. ताईंच्या विरुद्ध एक शब्द बोलल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. त्यानं आधी बहिणीकडं बघितलं, मग आईकडं. मग पाळण्याकडं.

"आलता," तो म्हणाला. "दोनदा आला. मी खाली चहा प्यायला गेलो."

चहाचं प्रियदर्शनीला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं तो दाराला पाठ लावून तिथंच उभा असेल. तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. आपल्या बाजूनं साक्ष मिळाली आणि त्याच क्षणी साक्षीदारावरचा विश्वास गेला. पण आता मागं फिरता येत नव्हतं.

आबा त्याच्यावर ओरडले, बायकोच्या नादानं सख्ख्या बहिणीला खाली बघायला लावतोस म्हणून. आक्काताई रडायला लागल्या. आणि इतका वेळ जिन्याच्या तोंडाशी ताट घेऊन उभी असलेली शालन पुढं आली. तिनं ताट खाली ठेवलं.

"माझ्या पोरीला मी आजपातूर बोट लावलं न्हाय," ती आक्काताईंना म्हणाली. "तिनं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलंतं. तुमच्या घरात वाईटपणा नको म्हणून मीच तिला गप केली. आत्ता हसलो बी मी. पर तिचं खरं हाय. तिला आवरा म्हणू नका."

हे बोलून ती लेकीच्या शेजारी उभी राहिली. तिनं लेकीच्या पाठीला हात लावला नाही की डोळे पुसले नाहीत, नुसती उभी राहिली. प्रियदर्शनीला तेवढ्यानं पाय घट्ट रोवल्यासारखे वाटले.

आबांनी निर्वाणीचं सांगितलं. चला, गाडी काढा, या घरात पाणी प्यायचं नाही. आक्काताईंनी पिशवी उचलली. पण थोरल्या आई खुर्चीतनं हलल्या नाहीत, आणि त्यांना सोडून पाटलांची गाडी कुठं जाणार नव्हती. नात डॉक्टर व्हावी म्हणून याच बाईनं एके काळी आबांशी, भावकीशी, साऱ्या गावाशी वाकडं घेतलं होतं. संयोगिता म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत. त्या आता नातीच्या बाजूनं बोलतील आणि हा विषय मिटेल, असंच सगळ्यांना वाटलं. ताईंनाही वाटलं, त्या आजीच्या खुर्चीजवळ सरकल्या.

"संयू," थोरल्या आई म्हणाल्या, "मारलंस?"

"थोरली आई, तिथं काय परिस्थिती असते तुला नाही कळायचं. एका वेळी दोन-दोन..."

"मारलंस का न्हाय?"

ताईंनी साडीचा पदर बोटाला गुंडाळला. "मारलं," त्या म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल काढत होतं तिचा आवाज येऊन गेला.

"मला बाळंतपणाला गोठ्याशेजारच्या खोलीत घालायची," मग थोरल्या आई म्हणाल्या. "सुईण आईभैनीवरनं शिव्या द्यायची. सासू चिमटं काढायची, वरडू नको म्हणून. तोंडात बोळा कोंबायच्या. माझं एक पोर त्यातच गेलं. कुणाला काय सांगणार? मला वाटायचं, आपल्यातली एक पोरगी शिकली, डाक्टरीण झाली, की ह्ये बंद हुईल. त्यापायी तुला शिकवली मी. आनि तू बी त्येच करतीस व्हय गं?"

आबा हातात गाडीची किल्ली घेऊन उभे होते. आपल्या आईचं एक मूल बाळंतपणात गेलं हे त्यांना माहीत होतं. कसं गेलं, हे त्यांनी बहुतेक आज पहिल्यांदा ऐकलं. ते खाली बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

थोरल्या आईंनी शालनला हाक मारून आपल्याला उठवायला सांगितलं. पाळण्यापाशी येऊन त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या, "पोरीचं नाव ठेवल्याबिगर कुणी उठायचं न्हाय. मी घेतो नाव. मी बी कुणाची तरी आत्या हायच की." मग वाकता वाकता थांबल्या. "काय ठरवलंया म्हणालीस?"

प्रियदर्शनीनं त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मुलीच्या कानात सांगितलं. रेवती. धपाटे घालायचं कुणाला सुचलं नाही.

जेवणं झाली, पण मान्यांच्या घरात एरवी ज्या आग्रहानं पंगती उठतात तसं काही झालं नाही. वाढा म्हणणारे हळू आवाजात वाढा म्हणत होते. आक्काताई जेवल्या नाहीत. आबा जेवले, मान वर न करता. प्रियदर्शनी मुलीला घेऊन खाली आपल्या खोलीत आली होती. राजवीर ताट घेऊन आला आणि दारात घुटमळला. तिनं ताट टेबलावर ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. त्याचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलं नव्हतं, आणि ते ठरवायची तिला आज घाई नव्हती. तो वर निघून गेला.

ती मुलीला पाजत होती तेव्हा ताई आल्या. दार लोटून घेतलं. बसू का, म्हणून त्यांनी विचारलं नाही, पण बसल्याही नाहीत. गजरा काढून हातात घेतला होता.

"हे तू मला एकटीला सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "चार लोकांत काढायची गरज नव्हती."

"तुम्ही मला एकटीला मारलं नव्हतं, ताई. तिथंही चार लोक होते."

ताईंनी खिडकीकडं तोंड केलं. मग त्या बोलू लागल्या, तिच्याशी की स्वतःशी कळेना. शिकत असताना मोठ्या मॅडम बाळंत होणाऱ्या बायकांना मारायच्या आणि यांनी बघत उभं राहायचं. पहिल्या पहिल्यांदा यांना रडू यायचं, खोलीवर आल्यावर जेवण जायचं नाही. मग कामाचा रेटा वाढला आणि आपला हात कधी उठायला लागला ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. इतक्या बायका आल्या आणि गेल्या, त्यातल्या कितीतरी अजून पेढे घेऊन येतात, पोरांच्या वाढदिवसाचे फोटो पाठवतात. आजवर कुणी एक शब्द बोललं नाही.

"इरम पण बोलली नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "मला मारलेलं बघून तिनं ओढणी तोंडात कोंबली. तुम्ही मला म्हणालात, बघ ती कशी शहाण्यासारखी करतीय. ती शहाणी नव्हती, ताई. ती भ्यालेली होती."

ताईंचा चेहरा तिला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ जराशी वाकली.

"सॉरी," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की रस्त्यावरून रिक्षा गेली असती तर ऐकू आला नसता.

प्रियदर्शनीला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आत काहीतरी सुटेल. तसं काही झालं नाही. राग जिथं होता तिथंच होता, फक्त आता त्याच्याशी एकटीनं झुंजावं लागत नव्हतं. तिनं मुलीला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"हे मला म्हणालात," ती म्हणाली. "उद्या सकाळी टेबलावर जी असेल तिचं काय?"

ताईंनी सवयीनं टाक्यांचं काढलं, उद्या दाखवायला ये म्हणाल्या. प्रियदर्शनी म्हणाली, मी दुसरीकडं दाखवणार आहे. ताईंनी एकदा मान हलवली. डॉक्टरांचं नाव विचारलं नाही.

बाहेरून आक्काताईंची हाक आली. गाडी वळवून लावली होती, थोरल्या आई केव्हाच जाऊन बसल्या होत्या. ताई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मुलगी ढेकर देऊन जागी झाली होती आणि आईच्या खांद्यावरून, काहीच दिसत नसताना, त्यांच्या दिशेनं टकामका बघत होती. ताईंचे हात पुढं आले, इतक्या वर्षांत जन्मलेल्या हरेक पोराकडं जात आले होते तसेच. आणि मध्येच थांबले.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनीनं त्यांच्या हातांकडं बघितलं. मग चेहऱ्याकडं.

"आज नको," ती म्हणाली.

ताईंनी हात मागं घेतले. मग दार आवाज न करता ओढून बाहेर पडल्या.